मे महिन्याचं बिल कमी आलं, पण वीज वाचली का?

सप्टेंबर २०२५च्या वार्षिक सभेआधी आमच्या सोसायटीच्या फलकावर दोन वीजबिलांच्या झेरॉक्स शेजारीशेजारी लावलेल्या होत्या. दोन्ही सातव्या, म्हणजे गच्चीखालच्या मजल्यावरच्या एकाच घराची, एक मे २०२४चं आणि दुसरं मे २०२५चं. दोन्हींवर युनिटच्या आकड्याला लाल पेनने गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं : 'गच्चीला लावलेल्या उष्णतारोधक रंगामुळे झालेली बचत.' रंग मार्चमध्ये लावला होता. ठेकेदाराचे निम्मे पैसे द्यायचे बाकी होते आणि ते या सभेत मंजूर व्हायचे होते.

बिलं ज्या काकूंच्या घरची होती, त्या लिफ्टची वाट बघत तिथेच उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "बिल कमी आलं हे खरं गं. पण रात्री पंखा लावला की अजून तसाच गरम वारा येतो. मग हे वाचलं कुठून?"

मी वागळे इस्टेटपासून रबाळ्यापर्यंतच्या कारखान्यांचं आणि ऑफिसांचं ऊर्जा लेखापरीक्षण करते. वीज कुठे जाते आणि खरंच किती वाचली, हे शोधणं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगते, काकूंचा प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचं उत्तर त्या दोन बिलांत नव्हतं. ते आभाळात होतं.

मे २०२५ आठवून बघा. महिन्याच्या सुरुवातीपासून वळवाच्या सरी आणि ढगाळ दुपारी. मुंबईत मोसमी पाऊस एरवी ११ जूनच्या सुमारास येतो, त्या वर्षी हवामान खात्याने २६ मे रोजीच तो आल्याचं जाहीर केलं. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा शंभर वर्षांहून जुना विक्रम मोडला. ठाण्यात पोखरण रोडवर आम्ही मे महिन्यात छत्र्या घेऊन फिरत होतो. अशा महिन्यात एसी कमी चालणारच, गच्चीला रंग असो वा नसो. मग वाचलेल्या युनिटांतली पावसाची किती आणि रंगाची किती, हे वेगळं कसं काढायचं? त्यासाठी एक जुना, साधा हिशेब आहे. शाळेतली बेरीज-वजाबाकी येत असेल तर तो कुणालाही जमतो.

## सिलिंडर लवकर का संपला?

आधी स्वयंपाकघरात जाऊ. तुमच्याकडे एक सिलिंडर एरवी चाळीस दिवस जातो आणि गणपतीत पंचवीस दिवसांत संपला. तेवढ्यावरून घरात कुणी गॅस उधळला असं आपण म्हणत नाही, कारण घरात पाहुणे होते हे आपल्याला माहीत असतं. आणि पाहुणे मोजताना किती जण आले एवढंच बघून चालत नाही, किती दिवस राहिले तेही बघावं लागतं. चार जण तीन दिवस राहिले तर बारा 'पाहुणे-दिवस' झाले. बारा जण एकच दिवस जेवून गेले, तरी बाराच. रोजगार हमीच्या कामावर 'मनुष्यदिवस' मोजतात, तीच ही रीत.

घराच्या विजेसाठी उकाडा हा असाच पाहुणा. तो किती मोठा आला आणि किती दिवस राहिला, या दोन्हींचा मिळून जो आकडा होतो त्याला 'अंश-दिवस' म्हणतात. इंजिनियर लोकांच्या तोंडी 'डिग्री-डे' असतं.

काढायची पद्धत अशी. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्यायचं, बेरीज करून निम्मं करायचं. कमाल ३४ आणि किमान २६ असेल तर सरासरी ३० अंश. समजा तुमच्या घरात सरासरी २५च्या वर गेली की एसी लावावासा वाटतो. या २५ला 'पाया' म्हणू. तीसातून पंचवीस गेले, उरले पाच, म्हणजे त्या दिवसाचे पाच अंश-दिवस. दुसऱ्या दिवशीची सरासरी ३१ असेल तर सहा. महिनाभर असंच मोजत जायचं आणि शेवटी बेरीज करायची.

एका ठिकाणी लोक हमखास चुकतात. एखाद्या दिवशीची सरासरी २३ आली तर त्या दिवसाचे अंश-दिवस शून्य, उणे दोन नव्हेत. पाहुणे आले नाहीत म्हणून उणे पाहुणे जेवून जात नाहीत. म्हणून महिन्याच्या सरासरीवरून एकदम हिशेब न करता रोजचा आकडा रोज काढावा लागतो.

## ही पद्धत आली कुठून?

मुळात हे शेतीचं गणित. पिकाला उगवण्यापासून पिकेपर्यंत ठराविक 'उष्णतेची बेरीज' लागते, असा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५मध्ये मांडला. ठराविक पायाच्या वरची उष्णता मोजायचं सूत्र रिचर्ड स्ट्रॅची यांनी १८७८मध्ये प्रसिद्ध केलं, तेही ब्रिटनमधल्या पिकांसाठी. हे स्ट्रॅची हिंदुस्थानात बरीच वर्षं अभियंता म्हणून होते आणि त्याच सुमारास नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्षही होते. पुढे थंड देशांत हीच रीत इमारतींना लावली. तिथे हिशेब उलटा चालतो, तापमान पायाच्या किती खाली गेलं ते मोजतात. अमेरिकेत घर गरम ठेवायला लागणारं तेल घरोघरी पुरवणारे व्यापारी अंश-दिवसांवरून कुणाची टाकी कधी संपेल याचा अंदाज बांधायचे आणि त्याप्रमाणे टँकर पाठवायचे.

## अठरा अंशांचा पाया ठाण्याला का चालत नाही?

परदेशी तक्त्यांत पाया बहुतेक वेळा १८ अंशांच्या आसपास असतो, कारण अमेरिकेतला रूढ पाया ६५ फॅरनहाइट, म्हणजे १८.३ सेल्सिअस आहे. आपल्याकडच्या अहवालांतही तो पुष्कळदा तसाच उचललेला दिसतो. त्याने काय होतं ते बघा.

आपल्या पट्ट्यात ढोबळमानाने जानेवारीची दिवसाची सरासरी २४च्या आसपास असते आणि मेची ३०च्या. पाया १८ धरला तर जानेवारीचे अंश-दिवस १८६ येतात आणि मेचे ३७२. म्हणजे जानेवारीत आपण मेच्या निम्मा एसी चालवतो असा अर्थ झाला. ठाण्यात जानेवारीत पहाटे पंखा बंद करून चादर ओढतात. आता पाया २५ धरा. जानेवारी जवळजवळ शून्यावर येतो आणि मे दीडशेच्या वर जातो. हे आपल्या अनुभवाशी जुळतं.

पाया प्रत्येक इमारतीचा वेगळा असतो. काचेच्या भिंतींचं, आत शंभर संगणक चाललेलं ऑफिस बाहेर २० अंश असतानाही एसी मागतं. झाडांच्या सावलीतलं, दोन्हीकडून वारा खेळणारं घर २७पर्यंत पंख्यावर भागवतं. तुमचा पाया शोधायचा तर दर रविवारी मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. सहा-आठ महिन्यांनी आलेखाच्या कागदावर आडवं त्या आठवड्याचं सरासरी तापमान आणि उभे त्या आठवड्याचे युनिट असे ठिपके मांडा. सुरुवातीला ठिपके जवळजवळ आडव्या रेषेत जातील आणि एका ठिकाणापासून वर चढायला लागतील. जिथून चढ लागतो, तो तुमचा पाया.

## काकूंच्या बिलाचा हिशेब

प्रत्येक घराच्या वापराचे दोन भाग असतात. फ्रिज, दिवे, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन हा रोजचा खर्च, तो उकाड्याला फारसा विचारत नाही. दुसरा भाग एसीचा, तो अंश-दिवसांबरोबर वाढतो. काकूंची रंग लावण्याआधीची बारा बिलं घेऊन मी हे दोन भाग वेगळे केले. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून इथे गोल करून देते. रोजचा खर्च महिन्याला १८० युनिट, आणि त्यावर प्रत्येक अंश-दिवसामागे १.२ युनिट.

मे २०२४चे अंश-दिवस १६५ धरले तर १६५ गुणिले १.२ म्हणजे १९८, त्यात १८० मिळवले की ३७८. प्रत्यक्ष बिल ३८० युनिटांचं होतं, म्हणजे सूत्र घराला चपखल बसलं. आता मे २०२५. ढग आणि पावसामुळे अंश-दिवस ११०वर आले. ११० गुणिले १.२ म्हणजे १३२, अधिक १८०, एकूण ३१२. रंग लावलाच नसता तरी बिल ३१२च्या आसपास यायला हवं होतं. प्रत्यक्षात आलं ३२० युनिटांचं.

फलकावर ६० युनिटांची बचत लिहिली होती आणि हवामानानेच ६६ युनिट कमी केले होते. रंगाच्या नावावर काही उरलं नाही. उलट ८ युनिट जास्त गेले, पण त्याला मी महत्त्व देणार नाही. लेक चार दिवस माहेरपणाला आली तरी एवढा फरक पडतो.

पुष्कळ जण इथे एक सोपी वाट धरतात. युनिटला सरळ अंश-दिवसांनी भागतात आणि 'दर अंश-दिवशी इतके युनिट' असा आकडा काढून महिन्यांची तुलना करतात. ती वाट फसवी आहे. फेब्रुवारीत अंश-दिवस ३० असतील तर याच घराचा वापर २१६ युनिट येईल आणि भागाकार ७.२. मेमध्ये तोच भागाकार २.३. म्हणजे याच काकू फेब्रुवारीत उधळ्या आणि मेमध्ये काटकसरी ठरतात! रोजचा खर्च आधी बाजूला काढल्याशिवाय भागाकार करू नये.

## रुपये बघितले तर काय बिघडलं?

रुपयांत बिल भरायचं असतं, पण तुलना युनिटचीच करा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३००पर्यंत, ५००पर्यंत आणि त्यापुढे चढे दर आहेत. ३००ची रेघ ओलांडली की पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. शिवाय इंधन समायोजन आकार बदलत असतो आणि दर सुधारले की सगळंच बदलतं. रुपयांत या सगळ्याचा काला झालेला असतो.

बिलावर मागील आणि चालू रीडिंगच्या तारखाही बघा. रीडिंग महिन्याच्या आठ तारखेला होत असेल तर 'मे'च्या बिलात एप्रिलचे तीन आठवडे असतात. अंश-दिवसांची बेरीज त्याच तारखांमधली हवी, कॅलेंडरच्या महिन्याची नको. गच्चीवर सोलर असेल तर बिलावरचे निव्वळ युनिट घेऊ नका, बाहेरून घेतलेले युनिट घ्या आणि पॅनेलनी दिलेली व घरातच वापरलेली वीज त्यांत मिळवा.

आणि सोसायटीच्या सामाईक मीटरला हा हिशेब लावायला जाऊ नका. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांना उकाड्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तिथे दिवे बदलून युनिट कमी झाले तर ती बचत बहुतेक खरीच असते.

## पण घामाचं काय?

ठाणेकर हा आक्षेप लगेच घेतील, आणि तो बिनतोड आहे. आपला उकाडा नुसत्या तापमानाचा नाही. नागपूरचे ४० अंश परवडले, इथले ३३ नकोत, असं विदर्भातून आलेला माणूस पहिल्याच ऑक्टोबरात म्हणतो. अंश-दिवसांत मात्र घाम कुठेच मोजला जात नाही.

यासाठी मी घरी एक प्रयोग करते, तुम्हीही करून बघा. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी रात्री बादलीत सोडा. दमट रात्री सकाळपर्यंत माझी दहा लिटरची बादली भरत येते. थंडीच्या दिवसांत तोच एसी तेवढाच वेळ चालवला तर जेमतेम तळ झाकतो. हे पाणी खोलीतल्या हवेतून काढलेलं असतं. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, लिटरमागे साधारण ०.६८ युनिट, आणि ती उचलून बाहेर टाकायचं काम एसीचं. चांगला एसी एका युनिट विजेत तीनाहून थोडी जास्त युनिट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे दहा लिटरची बादली भरायला जवळजवळ सात युनिट उष्णता, आणि त्यासाठी सुमारे दोन युनिट वीज. खोली एका अंशानेही थंड न करता! तापमापक ही दोन युनिटं दाखवत नाही, मीटर दाखवतं.

मोठ्या इमारतींसाठी ओलाव्यासकट उष्णता मोजणारे हिशेब करतात. घरासाठी एवढी खोलात जायची गरज नाही. मार्च ते मे, जून ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबरपासून पुढे, असे तीन गट करा. मेची तुलना मेशी आणि ऑक्टोबरची ऑक्टोबरशी, त्यावर अंश-दिवसांची दुरुस्ती. कोरड्या मार्चचं सूत्र जुलैला लावू नका.

जून २०२५मध्ये एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत ठेवण्याचा विचार केंद्र सरकारने जाहीर केला, तेव्हा बरीच चर्चा झाली. तारांकित एसी २०२०पासून सुरू करताच २४वर लागतात. अंश-दिवसांच्या भाषेत, एसी एका अंशाने वर लावला की तुमचा पाया एका अंशाने वर जातो आणि मेच्या एकतीस दिवसांतून एकतीस अंश-दिवस गळतात. बिलात तेवढी बचत दिसत नाही, कारण बादलीतलं पाणी तरीही काढावं लागतं. पण फरक पडतो, आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

## सांताक्रूझचं तापमान आम्हाला कसं लागू?

रोजचं कमाल-किमान तापमान मी सांताक्रूझच्या हवामान केंद्राचं घेते. ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आणि सांताक्रूझच्या विमानतळावर हवा एकसारखी नसते. समुद्रावरचा वारा तिकडे आधी पोचतो आणि आपल्याकडे दुपारचा पारा बऱ्याचदा वर असतो. तरीही हिशेबाला ते चालतं, कारण आपल्याला हवामान किती बदललं एवढंच हवं आहे. काटा नेहमी दोनशे ग्रॅम जास्त दाखवत असला, तरी बाळाचं वजन वाढलं की नाही हे त्यावर कळतंच. अट एवढीच की काटा तोच हवा. एका वर्षी सांताक्रूझ आणि दुसऱ्या वर्षी मोबाइलवरच्या ॲपचा आकडा, असं केलंत तर सगळं मुसळ केरात.

## ढग, ऊन आणि शेजाऱ्याचं घर

आता रंगाची बाजू मांडते, कारण ठेकेदारावर अन्याय व्हायला नको. अंश-दिवसांत हवेचं तापमान असतं, ऊन नसतं. दोन्ही दिवशी सरासरी २९ असू शकते, एक दिवस लख्ख आणि दुसरा ढगाळ. वरच्या मजल्याच्या स्लॅबला त्या दोन दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रंगाचं काम ऊन परतवण्याचं, आणि मे २०२५मध्ये परतवायला पुरेसं ऊनच नव्हतं. त्याची परीक्षा झालीच नाही.

म्हणून अंश-दिवसांच्या जोडीला एक खूण वापरावी, आणि ती फुकट मिळते. त्याच इमारतीतलं मधल्या मजल्यावरचं घर घ्या. पाऊस तोच, ढग तेच, फक्त डोक्यावर गच्ची नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचे युनिट त्याच दोन मे महिन्यांत ३४०वरून २८८वर आले, म्हणजे सुमारे १५ टक्के घट. काकूंच्या घरी ती १६ टक्के. रंगाने खरंच काम केलं असतं तर वरच्या घराची घट खालच्याहून चांगलीच जास्त दिसायला हवी होती. मे महिन्यात गावाला जाऊन घर बंद ठेवणारे मात्र या तुलनेत घेऊ नका, त्यांचं बिल कशानेही कमी होतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. एप्रिल २०२४मध्ये ठाणे, मुंबई, रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचे इशारे दिले गेले होते. त्या वर्षी फेब्रुवारीत कुणी मन लावून पाच ताऱ्यांचे एसी बसवले असतील, तर उन्हाळ्यानंतर बिल वाढलेलंच दिसलं असेल आणि सगळ्यांनी त्यालाच बोल लावला असेल. मला अशी माणसं भेटली आहेत. चांगलं काम करून मान खाली घालून बसलेली. त्यांच्यासाठी हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो.

## सभेत काय ठरलं

मी सभेत हे सगळं कागदावर मांडलं. थोडी खडाजंगी झाली. खजिनदारांचा आक्षेप असा की एवढा उपद्व्याप कशासाठी, चार-पाच लाखांचा तर प्रश्न आहे. पण ते चार-पाच लाख साठ घरांचे आहेत, आणि पुढच्या वर्षी तोच ठेकेदार शेजारच्या विंगला हीच बिलं दाखवून रंग विकणार आहे. शेवटी ठरलं की उरलेले पैसे पुढच्या एप्रिल-मेच्या रीडिंगनंतर द्यायचे. कुठल्या केंद्राचं तापमान, पाया किती, कुठली सहा घरं, त्यांतली तीन वरची आणि तीन मधली, हे आत्ताच लिहून सोसायटी आणि ठेकेदार दोघांनी सह्या करायच्या. कंत्राटावर सही करायच्या दिवशीच हे व्हायला हवं होतं. 'बचतीतून पैसे फेडा' असं सांगणारा कुणीही आला तर पहिल्यांदा हाच कागद मागा.

ऑक्टोबरातल्या एका लख्ख दुपारी काकूंना घेऊन गच्चीवर गेले. लिफ्टच्या खोलीच्या छतावर रंग लावलेला नाही. तिथल्या सिमेंटवर काकूंनी तळहात टेकला आणि चटकन उचलला. रंगावर मात्र त्यांना तो ठेवता आला. म्हणजे रंग काही करत होता तर. मग खाली त्यांच्या खोलीत आलो. चार वाजले होते. पलंगामागच्या पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला, तर ती भाकरीच्या तव्यासारखी तापलेली. बारा वाजल्यापासूनचं ऊन ती खात होती, आणि गच्चीवरचा रंग तिला काहीच करू शकत नव्हता.

काकूंनी त्या आठवड्यात बाहेरून चिकाचे पडदे लावून घेतले आणि कॅलेंडरवर दर रविवारी मीटरचं रीडिंग लिहायला सुरुवात केली.